पार्बताबाईंचं वाटण

१

पार्बताबाईंना जाऊन अकरा महिने झाले होते, आणि मंगळवारपासून त्यांनी मसाला वाटून ठेवणं बंद केलं.

वाक्य माझं नाही. त्यांची सून वर्षाली फोनवर अगदी असंच म्हणाली, आज दूधवाला आला नाही म्हणावं तशा आवाजात. पुढं मात्र तिचा आवाज फुटला. "मॅडम, मामाजी सहा दिवसांपासून जेवले नाईत. पार्बता रुसली म्हनतात. तिचं वाटन आल्याबिगर घास घेत नाईत. डॉक्टर म्हने, अठ्ठ्याहत्तरचं वय हाय, अजून दोन-चार दिवस असे गेले तर काई खरं नाई. तुमी या ना."

मला बोलावण्याचं कारण होतं. एकतीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत हळद, तेल, तिखट तपासण्यात घालवली. निवृत्तीच्या आधीपासून एका दैनिकात रविवारी अमरावतीच्या खाण्यापिण्यावर सदर लिहिते. वर्षालीच्या हिशेबी, मसाल्यात भूत असेल तर ते ओळखणारी बाई मीच. माझा भुतांवर विश्वास नाही. जिभेवर आहे, आणि पंचाईत तिथंच होती.

अंबागेटच्या आत वर्षालीचे मामाजी, म्हणजे सासरे, वामनराव यांची खानावळ आहे. आठ बाकडी, आणि खायला पाटवडी, लालभडक रस्सा, ज्वारीची भाकरी. या रश्श्यासाठी लोक परतवाड्याहून यायचे. रश्श्याचं वाटण पार्बताबाई रोज पहाटे स्वयंपाकघराचं दार लावून, एकट्या करत. मागच्या भादव्यात त्या गेल्या आणि बाकडी रिकामी पडली. तेरावं व्हायच्या आधी चार दिवस वर्षालीनं रस्सा करून पाहिला; तो वाईट नव्हता, पण कुणाचाही असू शकला असता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षालीनं कुलूप काढलं, तर पार्बताबाईंच्या पाट्यावर पळसाच्या पानात बांधलेला वाटणाचा ओला गोळा. त्या दिवशीच्या रश्श्याचा पहिला घास घेऊन एक जुनं गिऱ्हाईक भाकरी खाली ठेवून रडलं म्हणतात. तेव्हापासून गोळा रोज येत राहिला. कोणी चवीसाठी येई, कोणी भीतीनं. मी नोव्हेंबरात जेवले तेव्हा खानावळ भरलेली होती आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पार्बताबाईंच्या फोटोसमोर एक ताट वाढलेलं होतं. पहिला घुटका घेतला आणि माझ्या हातावर काटा आला. ती तीच चव होती. चितेवर जळून गेलेल्या बाईच्या हाताची.

आता ती चव परत गेली होती, आणि जाताना वामनरावांना सोबत न्यायला निघाली होती.

२

वामनराव बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारल्यावर वळले. डोळे खोल गेले होते.

"तुमी कायले आल्या जी? ती गेली."

"पार्बताबाई येत होत्या हे तुम्हाला कशावरून वाटलं?"

"तीस वर्सं वरवंट्याची घरघर ऐकली मी. पहाटे पाचाले. आता बी ऐकू यायची." एवढं बोलून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

स्वयंपाकघराच्या दाराला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा लटकत होता. उंबऱ्यात चार नवे खिळे होते. वर्षालीचा नवरा योगेश नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. मान खाली घालून त्यानं सांगितलं, "मीच एक बाबा आनला होता सोमवारी. गिऱ्हाईक आता पोरंबाळं घेऊन येत नाई मॅडम. म्हटलं मायचा जीव मोकळा होऊ द्या. त्यानं उंबऱ्यात खिळे ठोकले, राख फुकली, लिंबू बांधलं. अन् मंगळवारपासून खरंच बंद झालं. आता बाबूजी मरून राहिले, मी काय करू?"

मी आत गेले. खोली लहान, एक दार, एकच खिडकी. खिडकीला उभे गज, आणि त्यांच्या बाहेरून नवीकोरी बारीक तारेची जाळी. खाली, उजेड पडावा म्हणून बरोबर खिडकीखाली, पार्बताबाईंचा पाटा. त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं.

"जाळी कधी लावली?"

"तेच, सोमवारी. मांजर येत होतं. खिडकीची कडी टिकतच नाई. मी दोनदा नवी बसवली, दोन्ही खेपी गायब. ते बी मायचंच काम म्हनतात." योगेश कसंनुसं हसला. वर्षाली हळूच म्हणाली, "मामाजी पहिल्या दिवसापासून म्हनतात, जाळी काढा, तिचा जीव कोंडते."

मी गुडघ्यावर बसले आणि ओल्या फडक्यानं पाटा पुसला. हळद निघाली तशी खालची टाकी, छिन्नीच्या ठोक्यांची नक्षी, दिसली. पाथरवटानं ठोकलेला मासा, त्याचे खवले, शेपटी, सगळं स्पष्ट. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं.

"याला टाकी कधी लावून घेतली होती?"

"मी नऊ वर्सांपासून या घरात हाय," वर्षाली म्हणाली. "टाकीवाली दारावरून जाते, पन सासूबाईनं कधी बोलावलीच नाई."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. घरचा साधा पाटासुद्धा वर्षा-दोन वर्षांत गुळगुळीत होतो, टाकी लावल्याशिवाय त्यावर काही वाटलं जात नाही. इथं खानावळीचं वाटण, रोजचं, तीस वर्षं. हा दगड मधोमध खोलगट व्हायला हवा होता. पार्बताबाईंच्या पाट्यावर जन्मात कधी धड मसाला वाटलाच गेला नव्हता.

मग वामनराव तीस वर्षं कसली घरघर ऐकत होते?

३

गजेंद्र या खानावळीत पहिल्यापासून वाढपी आहे. त्याच्यावर संशय घेणं सगळ्यांत सोपं होतं, कारण एक चावी त्याच्याकडे असते. त्यालाही ते ठाऊक होतं. मी विचारायच्या आधीच तो फणकारला, "मले असा मसाला वाटता आला असता त मी दुसऱ्याच्या इथं ताटं वाढत बसलो असतो काय?"

"बरं, वाटण एकही दिवस चुकलं नाही?"

"चुकलं ना. हे पाहा." त्यानं भिंतीवरची दोन कॅलेंडरं दाखवली, मागच्या वर्षीचं आणि चालू. ज्या दिवशी पाटवडी नसे त्या दिवसावर फुली. फुल्या मोजक्याच होत्या. दसरा आणि त्याचा दुसरा दिवस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सलग तीन. एप्रिलच्या मध्यावर एक. मे महिन्यात पौर्णिमेला एक.

"बाई जित्या होत्या तवा बी याच दिवशी बंद. पिठलं-भाकर राहे. देवीचं काई व्रत असन म्हनून आमी कधी विचारलं नाई. मेल्यावर बी व्रत सोडलं नाई पाहा बाईनं." गजेंद्रनं फोटोकडे पाहून हात जोडले.

"आणि सर्वपित्रीला?"

"आलं होतं ना वाटन."

मी एकेक फुली धरून तिघांना विचारलं. फुल्या पडल्या त्या प्रत्येक दिवशी पिठलं वर्षालीनं केलं होतं, ताटं गजेंद्रनं वाढली होती, आणि कारखान्यातून आल्यावर योगेश गल्ल्यावर होता. तिघांनी शपथेवर सांगितलं, एकमेकांची साक्षही काढली. म्हणजे वाटण करणारा हात या घरातला नव्हता. तो हात त्या दिवशी गावातच नसे.

आणि हे दिवस मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नोकरीची एकतीस वर्षं याच तारखांना माझ्या रजेचा अर्ज पडलेला असे. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमी. सहा डिसेंबरला मुंबईला चैत्यभूमी, जायचा एक दिवस आणि यायचा एक. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. वैशाखातली बुद्धपौर्णिमा.

सर्वपित्रीला हजर राहणारं आणि चौदा एप्रिलला सुट्टी घेणारं भूत मी तरी ऐकलेलं नाही.  मी मागच्या दारानं गल्लीत गेले.

गल्लीत खिडकीच्या खाली भिंतीवर लालसर ओघळ सुकला होता. त्यावर मुंग्यांची रांग लागलेली. नालीच्या कडेला पळसाचं फाटकं पान पडलं होतं, शेळीनं अर्धं खाल्लेलं, झाडूच्या काडीनं टाचलेलं. मंगळवारी वाटण करणारी बाई आली होती. रोजच्यासारखा गजांतून हात घातला, आणि हात जाळीला लागला.

४

पळसाच्या पानात बांधून देणारी माणसं आता अमरावतीत हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारा बाजार गाठला. गिला वडा खाल्ल्याशिवाय मी तिथं कामाला लागत नाही, पण त्या दिवशी दह्यातला वडा तसाच फुगत राहिला. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची रांग संपते तिथं एक जागा रिकामी होती. फक्त एक पोतं अंथरलेलं, आणि त्यावर झाडूच्या काड्यांची जुडी.

शेजारी लिंबं विकणारा देवीदास म्हणाला, "केशरबाईची जागा आहे जी. बुधवारी अकोल्याले गेली पोराकडं. आता येत नाई म्हने."

"का?"

"आता मले काय माईत? मंगळवारी सकाळी रडत आली. हात लाल-लाल, मसाल्याचा. म्हने, देवीदास, ज्याइच्या घरी तीस वर्सं चव देली, त्याइनं माह्यासाठी जाळी ठोकली."

देवीदासकडून पत्ता घेऊन दुपारच्या एसटीनं मी अकोल्याला निघाले. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, मला दिसत होती ती फक्त जाळीसमोर उभी असलेली म्हातारी.

गोरक्षण रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावर केशरबाईंच्या मुलानं, सुगतनं, दार उघडलं. तो पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. मी जयभीम घातला, नाव सांगितलं, काम सांगितलं. त्याचा चेहरा आवळला.

"मॅडम, माझी आई सत्तर वर्षांची आहे. तिनं अजून का खिडकीतून हात घालायचा? दुसऱ्याच्या नावानं? मी दहा वर्षांपासून तिला हेच विचारतोय. बरं झालं जाळी लागली."

त्याचं काहीच चूक नव्हतं, आणि मी तसं त्याला सांगितलं. पण आतून आवाज आला, "सुगत, येऊ दे बाईले."

केशरबाई पलंगावर बसल्या होत्या. बारीक, ताठ, नखांच्या कडा तिखटानं कायमच्या तांबडलेल्या. मी सगळं सांगितलं. जाळी मांजरासाठी होती, कोणाला काही कळलेलं नाही, आणि वामनराव सात दिवसांचे उपाशी आहेत. 

"मांजरासाठी," त्या म्हणाल्या. "अन् मले वाटलं माह्यासाठी."

मग त्या सांगत गेल्या. तीस वर्षांपूर्वी पार्बताबाई त्यांच्याकडून सांबार घ्यायच्या. नवीन खानावळ, रस्सा जमत नव्हता, बाई बाजारात डोळे पुसत होती. केशरबाईंनी आपल्या घरचं वाटण पानात बांधून दिलं. कांदा निखाऱ्यात भाजलेला, खोबरं, खसखस, दगडफूल, आणि चिमूटभर भाजलेलं जवस. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकानं बोटं चाटली. मग खिडकी ठरली.

"पार्बता म्हने, केशर, मी सांगून टाकतो सगळ्याइले. मीच म्हटलं, नोको व. कोनाच्या हातचं हाय हे कळलं त तुह्या बाकड्यावर कुत्रं बसनार नाई. तो काळ तसाच होता. काळ बदलला बी असन, पन आमाले सवय पडली. रोज पहाटे खिडकीशी दोघी हसायचो. मरायच्या आधी दवाखान्यात तिनं माहा हात धरला. म्हने, त्याइले उपाशी नोको ठेवजो. म्हनून देत राहिलो."

"तुम्हाला कधी राग आला नाही?"

त्यांनी उशाखालची पिशवी काढली. आत घडी घालून घालून विरलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. अकरा वर्षांपूर्वीचं माझं सदर. मथळा होता, 'पार्बताबाईंच्या हाताची चव'. त्याचीच चौकट करून खानावळीच्या भिंतीवर लावलेली आहे. मी लिहिलं होतं की या रश्श्यानं मला माझ्या मेलेल्या आईची आठवण झाली, का ते सांगता येत नाही. माझी आई वाटणात जवस घालायची. एकतीस वर्षं मसाले तपासून मला ते ओळखता आलं नव्हतं.

"वाचून घेतलं सुगतकडून. लई खेपी," केशरबाई म्हणाल्या. "नाव तिचं होतं. पन लिहिलं त माह्याच हाताचं होतं ना, बाई?"

 सुगत खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत तो म्हणाला, "आई, जायचं असेल तर मी सोडतो गाडीनं. पण समोरच्या दारानं जाशील."

५

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आम्ही अंबागेटला पोचलो. केशरबाईंनी पहाटे अकोल्याहूनच वाटण करून आणलं होतं. खानावळीच्या पायरीशी त्या थबकल्या. तीस वर्षांत त्यांनी ही पायरी चढलेली नव्हती. सुगतनं त्यांच्या कोपराला हात लावला.

योगेश, वर्षाली, गजेंद्र उभे होते. वामनरावांना बाकड्यावर आणून बसवलेलं. मी पाट्यापासून पानापर्यंत सगळं सांगितलं. वर्षाली तोंडावर पदर धरून रडायला लागली. गजेंद्र फोटोकडे आणि केशरबाईंकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"एकच गोष्ट उरते," मी म्हणाले. "पाट्यावर कधी वाटलं गेलं नाही. मग तुम्ही घरघर कशी ऐकलीत, वामनराव? खिडकी बाहेरून ढकलता यावी म्हणून तिच्या दोन कड्या कोणी काढल्या? आणि जिवंत बाईला जाळीनं अडवलं हे कळल्याशिवाय जाळी काढा असं कोण म्हणेल?"

वामनरावांनी बंडीच्या खिशात हात घातला. दोन कड्या बाकड्यावर ठेवल्या, एक थोडी गंजलेली, एक नवी.

"पहिल्याच वर्सी पाहिलं होतं मी," ते म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता. "पहाटे उठलो, दाराच्या फटीतून पाहिलं, त दोघी खिडकीशी हसून राहिल्या होत्या. मी पाय न वाजवता मांगं फिरलो. मंग लोकाइले सांगत गेलो, माही पार्बता वाटते, मी घरघर ऐकतो."

"काहून?" सुगतनं विचारलं. तो ओरडला नाही, पण सगळे दचकले.

"गिऱ्हाईक जाईन म्हनून भेलो, बापा. मंग सवय झाली. मंग पार्बता गेली." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वाटन आलं. मले माईत होतं कोनी ठेवलं ते. पन लोक म्हने पार्बता आली. मी म्हटलं, म्हनू द्या. जवरक ते वाटन येते, तवरक ती हाय. जाळी लागली तवा बी तोंड उघडता आलं नाई. सांगितलं असतं त पार्बता गेली असती. म्हनून उपाशी बसलो."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीव आली. केशरबाई पुढं झाल्या. त्यांनी पानातला गोळा वर्षालीच्या हातात दिला. "रस्सा कर व पोरी. अन् पुढं तू वाटशीन तवा जवस शेवटी घालजो, पह्यले घातलं त कडू होते."

 रश्श्याचा वास आला तसा गजेंद्रनं सवयीनं फोटोसमोरचं ताट घेतलं. वामनराव उठले. आठ दिवसांचा उपाशी माणूस, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेला. त्यांनी गजेंद्रच्या हातातून ताट घेतलं, वाढलं, दोन्ही हातांनी सांभाळत आणलं, आणि फोटोवरून पुढं नेऊन केशरबाईंसमोर ठेवलं. रस्सा ताटाबाहेर सांडला होता.

"तीस वर्सं झाले," केशरबाई ताटाकडे पाहत म्हणाल्या. "मी कधी इथं बसून खाल्ला नाई."

त्यांनी भाकरी मोडली, बुडवली, सावकाश चावली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

योगेश हसला, मग सुगतही. मी भिंतीवरची माझी चौकट उतरवून पिशवीत टाकली. येत्या रविवारी ते सदर पुन्हा लिहायचं होतं, या वेळी खऱ्या नावानं. वर्षालीनं वामनरावांना ताट वाढलं. केशरबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांच्या रश्श्यात मीठ घातलं.

वामनरावांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांचे खांदे हलायला लागले. फोटोसमोरच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"आज मेली माही पार्बता," ते म्हणाले, आणि वर्षालीकडे अजून एक भाकर मागितली.